पुराचं पाणी पुलाच्या पायाशी काय करतं?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरचा पूल वाहून गेला. मुंबई-गोवा महामार्गावरचा १९२८ साली बांधलेला हा दगडी कमानींचा ब्रिटिशकालीन पूल. राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई अशा दोन एसटी गाड्या आणि एक खाजगी गाडी अंधारात सरळ नदीत गेली. चाळीसच्या आसपास माणसं गेली. पुलाजवळच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या एका माणसाने पुढची गाडी नाहीशी झालेली पाहिली आणि रस्त्यावर धावत जाऊन मागून येणारी वाहनं थांबवली, नाहीतर आकडा कुठे गेला असता कोण जाणे.

त्यानंतरच्या दिवसांत एकच प्रश्न सगळीकडे विचारला जात होता. त्याच वर्षी मे महिन्यात या पुलाची तपासणी झाली होती आणि धोका नसल्याचा निर्वाळा मिळाला होता. मग तीन महिन्यांत पूल गेलाच कसा? लोकांचा संताप रास्त होता. पण त्या प्रश्नाच्या पोटात एक गैरसमज आहे, आणि तो आपल्या सगळ्यांचाच आहे. पूल मजबूत आहे की नाही हे पुलाकडे पाहून कळतं, असं आपण धरून चालतो. पुराच्या बाबतीत तसं नाही. पुरात पूल जातो तेव्हा बहुतेक वेळा आधी जमीन गेलेली असते, आणि पूल तिच्या मागोमाग जातो.

हे समजायला समुद्रकिनाऱ्यावर अनवाणी उभं राहावं. लाट येते, घोट्यापर्यंत चढते आणि परतताना टाचेखालची वाळू काढून नेते. तुमचं वजन तेवढंच, पाय तेवढेच भक्कम, लाटेने तुम्हाला ढकललेलंही नसतं. तरी तोल जातो. दोन-तीन लाटांत टाच एवढी खचते की पाऊल उचलून दुसरीकडे टाकावं लागतं. पुलाच्या खांबाला पाऊल उचलता येत नाही.

आता हेच जरा जवळून पाहू. पावसाळ्यात एखाद्या वाळूच्या ओढ्यात नारळाएवढा दगड ठेवा आणि पाच मिनिटं नुसतं बघत बसा. वरच्या अंगाने येणारं पाणी दगडावर आपटतं. त्यातलं काही बाजूने निघून जातं, पण काही खाली वळतं, थेट तळाकडे. तळाशी ते गोल फिरायला लागतं आणि दगडाला दोन्ही बाजूंनी मिठी मारल्यासारखं पुढे जातं. वरून पाहिलं तर या भोवऱ्याचा आकार घोड्याच्या नालेसारखा असतो. भोवरा वाळूचे कण उचलतो आणि मागे नेऊन टाकतो. थोड्या वेळाने दगडाच्या पुढच्या बाजूला खळगा दिसायला लागतो, आणि गंमत म्हणजे दगड त्या खळग्यात, म्हणजे प्रवाहाच्या उलट दिशेने, कलंडतो. पाण्याने ढकललं असतं तर तो मागे पडला असता.

बांधकाम खात्यातली माणसं याला 'स्कावर' म्हणतात. आपण खरवड म्हणू. खांबाभोवतीची ही खरवड एक झाली. तिच्या जोडीला आणखी दोन असतात. पूर आला की सगळीच नदी आपला तळ थोडाफार खरवडते. शिवाय पुलाच्या दोन्ही टोकांना मातीचा भराव घालून आपण नदीचं पात्र अरुंद केलेलं असतं. एवढ्या रुंदीतून जाणारं पाणी तेवढ्याशा फटीतून काढायचं म्हणजे त्याचा वेग वाढणार, आणि तळ आणखी खोल जाणार. या तिन्ही एकावर एक बसतात.

वेगाचा हिशोब फार निष्ठुर आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला की खांबावरचा दाब चौपट होतो. पण पाण्याला तळावरून ढकलत नेता येईल अशा धोंड्याचं वजन वेगाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे वेग दुप्पट तर वजन चौसष्ट पट. एरवी जे पाणी मूठभर खडा हलवू शकत नाही, तेच पाणी पुरात मोठाले धोंडे गडगडत नेतं. घाटाच्या पायथ्याच्या गावांत राहणाऱ्यांना रात्रीचा तो आवाज माहीत आहे. पाण्याच्या खळखळाटाखाली एक जड घरघर चालू असते, ती दगडांची. खांबाच्या पायाशी संरक्षणासाठी टाकलेले दगडही त्यातच निघून जाऊ शकतात.

मग अचानक येणारा पूर आणि सावकाश चढणारा पूर यांत फरक काय? याचं उत्तर महाबळेश्वरला मिळतं. जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री अशा पाच नद्यांचा उगम मानतात. त्यातली कृष्णा पूर्वेला वळते आणि सुमारे १,४०० किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री पश्चिमेला उडी घेते आणि शंभरेक किलोमीटरमध्ये हरिहरेश्वर-बाणकोटजवळ अरबी समुद्रात जाते. डोंगर एकच, पाऊस एकच. पण सावित्री सुमारे तेराशे मीटरची उंची त्या एवढ्याशा अंतरात उतरते, आणि त्यातली बहुतेक उतरण महाडच्या आधीच संपलेली असते.

म्हणून सांगलीत पाणी कसं चढतंय ते लोक आयर्विन पुलावरच्या फूटपट्टीवर तासातासाने बघत बसतात. चाळीस फुटांना इशारा पातळी, पंचेचाळीसला धोका पातळी. २०१९ साली ते सत्तावन्न फुटांच्याही वर गेलं, अपरिमित नुकसान झालं, पण ते चढत होतं हे सगळ्यांना दिसत होतं आणि पूल बंद करायला उसंत होती. महाडला ती उसंत नाही. २०२१ च्या जुलैमध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि महाड, चिपळूण काही तासांत बुडाले. त्यात खाडीच्या बाजूने भरती असली तर पाणी तुंबतं आणि ओहोटी लागली की तेच तुंबलेलं पाणी ओढीने निघतं. पाण्याची पातळी आणि वेग दोन्ही एका रात्रीत दोनदा-तीनदा बदलू शकतात. संध्याकाळी पाहिलेला पूल आणि मध्यरात्रीचा पूल यांच्या पायाखालची जमीन एकच असेल असं धरून चालता येत नाही.

दगडी कमानीच्या पुलांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण महाराष्ट्रात असे पूल अजून खूप आहेत आणि त्यांच्याविषयी आपल्याला माया आहे. ती योग्यही आहे. कमान म्हणजे दगडांनी एकमेकांना रेटून धरलेलं असतं. वरून जितकं वजन येईल तितके दगड एकमेकांवर घट्ट बसतात, त्यामुळे वाहनांच्या भाराला हे पूल सहसा दाद देत नाहीत. शंभर वर्षांपूर्वी बैलगाड्यांसाठी बांधलेल्या कमानींवरून आज भरलेले ट्रक जातात. पण कमानीची एक अट असते. तिचे दोन्ही पाय जागचे हलता कामा नयेत. पाय बोटभर खचला तरी दगडांची पकड सैल होते. आणि ओळीने उभ्या असलेल्या कमानींत प्रत्येक खांब दोन्हीकडून रेटला जात असतो. डावीकडची कमान उजवीकडे रेटते, उजवीकडची डावीकडे, म्हणून खांब सरळ उभा असतो. एक कमान पडली की शेजारच्या खांबावर एकाच बाजूचा रेटा उरतो. तो खांब तेवढा जाड नसेल तर तोही जातो, मग त्याच्या पुढचा. म्हणून जुने बांधणारे काही कमानींनंतर मुद्दाम एक दांडगा खांब घालत, पडझड तिथे थांबावी म्हणून.

अशा पुलाचे सांधे चुन्याचे असतात. वर्षानुवर्षं पुराचं पाणी त्यातून आत-बाहेर करतं आणि चुना धुऊन नेतं. मग त्या फटीत पिंपळाचं रोप धरतं. पुलाच्या कमानीतून डोकावणारा हिरवा पिंपळ पाहायला सुंदर वाटतो, पण त्याची मुळं दगड फाकवत असतात. वरून नुसता छाटून भागत नाही, मूळ मारावं लागतं, आणि सांधा पुन्हा भरावा लागतो.

जुन्या लोकांना पुराची जाण नव्हती असं मात्र समजू नये. कुठल्याही जुन्या दगडी पुलाखाली उतरून पाहा. खांबाची वरच्या अंगाची बाजू नावेच्या नाळेसारखी टोकदार किंवा गोल केलेली असते. पाणी फाटून दोन्ही बाजूंना जावं आणि आपटून खाली वळू नये, यासाठी ती रचना आहे. नदीने पात्र बदललं आणि पाणी खांबावर तिरकं यायला लागलं की मात्र हे टोक कामाचं राहत नाही, आणि खरवड कितीतरी वाढते.

पाया किती खोल न्यायचा याचं गणित आपल्याकडे आहे, आणि ते इथल्याच नद्या-कालव्यांवरून निघालेलं आहे. जेराल्ड लेसी या इंजिनियरने उत्तर भारतातल्या कालव्यांचा अभ्यास करून सूत्र मांडलं, की अमुक पाणी आणि अमुक जातीची वाळू असेल तर तळ साधारण इतका खोल जाईल. रस्ते आणि पुलांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचे नियम आजही त्याच धर्तीवर आहेत. हे सूत्र जी खोली देतं, तिच्या दुप्पट खोली खांबापाशी धरायची. म्हणजे पुराच्या पातळीपासून सहा मीटर खरवड निघाली तर खांबाजवळ बारा मीटर धरायची, आणि पाया त्याच्याही खाली रोवायचा, कारण एवढं सगळं वाहून गेल्यावरही त्याला धरायला जमीन उरली पाहिजे. आपल्याकडे यासाठी विहीर पाया वापरतात. पोकळ विहीर बांधत बांधत आतली वाळू उपसत ती खाली उतरवायची, अगदी आपल्या विहिरीसारखी. जिथे काळा कातळ हाताला लागतो तिथे प्रश्नच सुटतो. देशावरच्या बऱ्याच नद्यांचा तळ असा आहे, कोकणातल्या खाड्यांच्या तोंडाशी मात्र गाळाचा थर जाड असतो.

या गणितात दोन गोष्टी हुकतात. पहिली, शंभर वर्षांतला पूर. त्या शब्दाचा अर्थ शंभर वर्षांनी एकदा येणारा पूर असा नाही. दर वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक असते, असा आहे. पन्नास वर्षांच्या आयुष्यात तो एकदा तरी येण्याची शक्यता चाळीस टक्क्यांच्या जवळ जाते. आणि हा हिशोब जुन्या पावसाच्या नोंदींवरचा आहे.

दुसरी गोष्ट वाळूची. पूल बांधताना तळ जिथे होता तिथून पाया मोजलेला असतो. नंतर तीस वर्षं त्या नदीतून वाळू उपसली, तळ चार मीटर खाली गेला, तर तेवढा पाया पुराशिवायच उघडा पडला. सावित्रीच्या दुर्घटनेनंतर वाळू उपशाची चर्चा खूप झाली. याचं सगळ्यांत भयंकर उदाहरण पोर्तुगालमधलं आहे. ४ मार्च २००१ च्या रात्री दोरू नदीवरचा हिंत्झे रिबेइरो पूल कोसळला. एक बस आणि तीन गाड्या नदीत गेल्या, ५९ माणसं मेली. पूल एकोणिसाव्या शतकातला, पावसाळा जोराचा, आणि कित्येक वर्षांच्या वाळू उपशाने खांबाखालचा तळ खचलेला. त्यांच्या मंत्र्याने राजीनामा दिला. रात्र, बस, जुना पूल, फुगलेली नदी: पंधरा वर्षांनी सावित्रीवर जे घडलं त्याच्याशी हे इतकं जुळतं की वाचताना अंगावर काटा येतो. पुलाच्या आसपास वाळू काढणं हा महसूल बुडवण्याचा गुन्हा म्हणून आपण पाहतो. खरं तर तो पूल पाडण्याचा गुन्हा आहे.

खरवडीखेरीज आणखी एक संकट असतं, पाणी पुलाच्या वर चढण्याचं. काँक्रीटचं वजन घनमीटरला अडीच टनांच्या आसपास असतं. ते पाण्यात पूर्ण बुडालं की त्यातला एक टन पाणी उचलून धरतं आणि पूल तेवढा हलका होतो. खालच्या तुळयांमध्ये हवा कोंडली तर आणखी हलका. पुष्कळ पुलांचा वरचा भाग खांबांना जोडलेला नसतो, नुसता टेकलेला असतो. त्यात वरून वाहून आलेले ओंडके, उन्मळलेली झाडं, जलपर्णीचे ढिगारे कठड्यात अडकतात आणि कठडा म्हणजे नदीला आडवी घातलेली भिंत होऊन बसते. गावोगावच्या फरशी पुलांना पक्का कठडा नसतो, नुसते दगडी खुंट असतात, ते याचसाठी. खर्च वाचवायला नव्हे. पाणी आणि ओंडके वरून निघून जावेत म्हणून.

आणि फरशीवरून गुडघाभर गढूळ पाणी वाहत असताना गाडी घालू नये, याचं कारण फक्त गाडी वाहून जाईल एवढंच नाही. त्या पाण्याखाली फरशी शिल्लक आहे की नाही हे दिसत नसतं. टोकाचा मातीचा भराव तर पुलाच्याही आधी जातो. पूर झपाट्याने ओसरला तरी भरावात मुरलेलं पाणी तेवढ्या झपाट्याने निघत नाही, ते आतून बाहेर रेटा देतं, आणि ऊन पडल्यावर, पाणी उतरल्यावर भराव ढासळतो.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हे सगळं लिहितो आहे, तिथे येतो. खरवडीचा खड्डा सर्वांत खोल असतो तो पूर ऐन भरात असताना. तेव्हा तिथे कोणी उतरू शकत नाही. पूर ओसरायला लागला, वेग मंदावला की वरून येणारी वाळू आणि गाळ त्याच खड्ड्यात बसतो. पाणी निवळल्यावर इंजिनियर येतात तेव्हा तळ पूर्वीसारखाच सपाट दिसतो. पण ती भर पोकळ असते, काल पडलेल्या वाळूची. खांबाचा भार ती पेलत नाही, आणि पुढच्या पुरात पहिल्या तासाभरात निघून जाते. मे महिन्यात कोरड्या पात्रात उभं राहून केलेली पाहणी ही अशा भरलेल्या जखमेची पाहणी असू शकते.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातला स्कोहारी क्रीकवरचा पूल ५ एप्रिल १९८७ ला पुरात पडला, दहा माणसं गेली. १९५४ साली बांधलेल्या त्या पुलाची वरून वेळोवेळी तपासणी होत असे. पाण्याखालची एकदाही झाली नव्हती. खांबाचा पाया उथळ होता आणि त्याच्याभोवती टाकलेले दगड आधीच्या पुरांत हळूहळू निघून गेले होते. त्या धड्यानंतर तिथे पाण्याखालच्या पायांची ठरावीक मुदतीत तपासणी सक्तीची झाली.

हे अशक्य नाही. दोरीला वजन बांधून खांबाच्या चहूबाजूंनी खोली मोजणं इतकं साधं ते असू शकतं, फक्त ते दरवर्षी त्याच जागी करून वहीत लिहून ठेवलं पाहिजे, म्हणजे फरक कळतो. पाणबुडे आहेत, ध्वनिलहरींनी तळ मोजणारी यंत्रं आहेत, खांब केसभर कलला तरी सांगणारे सेन्सर आहेत. कोकण रेल्वेने काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांवरच्या पुलांवर पाणी धोक्याच्या पातळीवर गेल्याचा इशारा देणारी यंत्रणा बसवली आहे, आणि पावसाळ्यात तिचं वेळापत्रकच वेगळं असतं, गाड्या हळू चालवण्यासाठी. रस्त्याच्या पुलांना ही शिस्त लागायला हवी. पूल पाण्याखाली गेला की बंद आणि पाणी उतरलं की लगेच चालू, ही आपली पद्धत उलटी आहे. पाणी उतरल्यावरच पायाची तपासणी करायची वेळ असते. लोकांना दोन दिवस वळसा पडेल, आरडाओरडा होईल, पण तो सोसावा. सावित्रीवरचा नवा पूल अवघ्या १६५ दिवसांत उभा राहून ५ जून २०१७ ला सुरू झाला. ठरवलं तर कामं होतात.

नदीकाठी राहणाऱ्यांना तपासनिसाच्या आधी काही गोष्टी दिसतात. कठड्याची रेघ एका ठिकाणी मोडलेली, रस्त्यावर सांध्यापाशी नवी पायरी, भरावाच्या कडेला भेग, पाणी एकाच खांबाशी वेगळंच उसळणं. हे दिसलं तर फोटो काढून कळवावं, आणि ऐकलं नाही तर पुन्हा कळवावं.

आयर्लंडमधल्या मालाहाइडच्या खाडीवरच्या रेल्वे पुलाचं असंच झालं. ऑगस्ट २००९ मध्ये तिथल्या जलस्काउट मंडळींना, रोज त्या पाण्यात होड्या वल्हवणाऱ्यांना, पुलाखालचा प्रवाह बदललेला दिसला. त्यांनी रेल्वेला कळवलं. इंजिनियर येऊन गेला, त्याने खांबांचं दगडकाम पाहिलं, भेगा नव्हत्या. बदल झाला होता तो खांबांच्या खाली, तळाच्या दगडी बांधात. तीन दिवसांनी, २१ ऑगस्टला संध्याकाळी, एक प्रवासी गाडी पुलावरून जात असताना चालकाला पूल खचताना दिसला. त्याने गाडी पार नेली आणि लगेच वर्दी दिली. पुढची गाडी थांबवली गेली, आणि थोड्याच वेळात खांब पाण्यात गेला. कोणालाही इजा झाली नाही.